धूर नाही, नुसती वाफ

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

राईस मिलची फुकटात मिळालेली डायरी. पहिल्या पानावर बायकोनं, रक्षानं, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली आहे, बाकी जानेवारीपासून कोरीच. आता मी लिहिणार. सवय नाही, पण तुमसरच्या दवाखान्यातल्या मेघाताईंनी सांगितलं आहे.

झालं असं, की खाणीत आमची मधून मधून डॉक्टरी तपासणी होते. यंदा नळीत फुंकायला लावलं तर मलाच खोकला आला. डॉक्टर म्हणाले, "टेकचंद, वय चव्वेचाळीस आणि फुप्फुस साठीचं." मी दिवसाला चौदा सिगरेटी ओढतो. त्यांनी मेघाताईंकडे पाठवलं. त्या तंबाखू सोडवायचं काम करतात. परवा जाऊन आलो. म्हणाल्या, प्रत्येक सिगरेट लिहा, किती वाजता ओढली आणि त्याआधी काय करत होता. वही मी बघणार नाही, तुमची तुम्ही बघा.

दारूचंही विचारलं. मी म्हटलं, सणासुदीला. खरं म्हणजे दर रविवारी एक क्वार्टर असते. पण ताई सिगरेटच्या कामाच्या, म्हणून ते सांगायची गरज वाटली नाही.

माझं काम केज चालवायचं. केज म्हणजे लोखंडी पिंजरा, त्यात उभे राहून लोक खाणीत उतरतात. मी वर इंजिनाच्या खोलीत बसतो. लोक मला दिसत नाहीत. घंटी ऐकायची आणि डायलचा काटा बघायचा. तीन घंट्या झाल्या म्हणजे आत माणसं आहेत, जपून. खालची घंटी जागेश्वर वाजवतो. सतरा वर्षं झाली, आम्ही दोघं दोरीच्या दोन टोकांना आहोत.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून लिहून ठेवलं. आज सोळा झाल्या. त्यातल्या सात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात, क्वार्टर घेऊन बसलो तेव्हा. मेघाताईंनी आधी काय करत होता ते लिहायला सांगितलं, म्हणून लिहितो: काहीच करत नव्हतो, बसलो होतो. म्हणजे रिकामं बसणं वाईट. रविवारी काहीतरी काम काढलं पाहिजे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नऊवर आलो. पण डोकं ठिकाणावर नाही. रक्षानं भाजीत मीठ विसरलं तर ताट सरकवून उठलो. तिनं ताट उचललं. आमच्या पोरीचा, मोनाचा, नागपूरहून फोन आला, ती तिथं नर्सिंग शिकते. तिच्याशीही धड बोललो नाही.

सिगरेट सोडून माणूस बरा होतो म्हणतात. मी तर वाईट होऊन राहिलो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याला रक्षाचा भाऊ चंद्रकुमार आला होता. नागपूरला मोबाईलच्या दुकानात असतो. आज निघताना मला गोठ्याकडे घेऊन गेला आणि खिशातून एक निळी कांडी काढली. आम्ही शाळेत स्केच पेन वापरायचो तेवढी.

"भाऊजी, सिगरेट कायले पिता? हे ओढा."

"काय आहे हे?"

"वेप. धूर नाही, नुसती वाफ. राख नाही, वास नाही. माह्या दुकानातले सगळे ओढून राहिले."

ओढून पाहिलं. लिचीची चव. घशात जरा टोचलं आणि मग डोक्यात ते झालं, जे तीन आठवडे झालं नव्हतं. सगळं जाग्यावर बसल्यासारखं वाटलं.

"दुकानात भेटते काय हे?"

"नाही भेटत. सरकारनं बंद केलं. पन तुमी कोनाले दाखवू नका, मंग काही होत नाही."

कांडीवर इंग्रजीत बारीक लिहिलं आहे, त्यात निकोटिन ५% दिसलं. म्हणजे पंच्याण्णव टक्के तर काहीच नाही. सिगरेटीत किती असेल कोणास ठाऊक.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सात दिवस. सिगरेट शून्य.

पुन्हा लिहितो, शून्य. रक्षानं परवा माझा शर्ट नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शाबासकी देईल. ती म्हणाली, "न्हाणीत कायचा वास येऊन राहिला? गोड गोड?" मी म्हटलं, नवीन साबण. तिला खरं सांगितलं असतं, पण बंदी आहे म्हणून लपवावं लागतं. वाईट आहे म्हणून नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

एक गोष्ट समजत नाही म्हणून लिहून ठेवतो.

आधी क्वार्टर रविवारी व्हायची. या आठवड्यात सोमवारी झाली, बुधवारी झाली आणि आज. मला दारूची एवढी इच्छा कधीच नव्हती. कांडी ओढली की घसा सुकतो, पाण्यानं भागत नाही. आणि आधी सिगरेटीसाठी उठून बाहेर जावं लागायचं, मध्ये कोणी भेटायचं, बोलण्यात वेळ जायचा. आता आतल्या खोलीत खाटेवर बसूनच होतं. उठायचं कारणच राहत नाही, म्हणून पेला भरला जातो. असं असेल.

पण फुप्फुस वाचलं. जिना चढताना दम कमी लागतो. एक सुटलं तर एक थोडं वाढलं, यात बिघडलं काय?

२६ ऑक्टोबर, रविवार

आज गावची मंडई. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. दुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, झाली, बाया-माणसांची गर्दी. जागेश्वर त्याच्या बायकोला घेऊन आला होता. पंचफुला बांगड्यांच्या दुकानाकडे गेली आणि आम्ही दोघं किल्ल्याच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली बसलो.

जागेश्वर पूर्वी माझ्याहून जास्त प्यायचा. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये दारूच्या नशेत गाडी घसरली. मागे पंचफुला होती. तिचं उजवं मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली आणि बिडीही. आता खिशात फुटाणे ठेवतो.

मी कधीतरी विचारणारच होतो, आज विचारलं. "दारूनं गाडी पडली, ते ठीक. बिडी काहून सोडली बे?"

तो म्हणाला, "बिडी पेटवली का हात आपोआप पेला पाहते. म्हून दोन्ही."

मला गंमत वाटली. मी कांडी काढली. "हे घे. ना दारू, ना तंबाखू. लिचीचा वास घे फक्त."

"नको गा."

"मी काय जहर देऊन राहिलो काय तुले? मी याच्यावरच तर सिगरेट सोडली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षं तो माझ्या हातावर विश्वास ठेवून खाली उतरतो. कांडी घेतली. दोन झुरके मारले. डोळे मिटून बसला. नंतर हसला आणि म्हणाला, "लय दिवसानं हात भरल्यावानी वाटला."

मला बरं वाटलं. एवढी दोन वर्षं नुसते फुटाणे चावत होता बिचारा.

५ नोव्हेंबर, बुधवार

जागेश्वर पाळी सुटल्यावर सायकल स्टँडवर रोज थांबतो. कांडी मागतो. मी चंद्रकुमारला सांगून त्याच्यासाठी वेगळी मागवली. टरबुजाची आहे. घेताना तो खूश झाला नाही, घाईत होता. आधी आम्ही बोलत बसायचो. आता तो ओढतो आणि जातो. पंचफुला घरी वाट पाहत असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल क्वार्टर घेताना सिगरेट ओढली. तीन ओढल्या. कांडी हातात होती तरी. दारू पोटात गेल्यावर वाफेनं काही होत नाही, छातीला धूरच लागतो.

मी फक्त पिताना ओढतो. दिवसभर शून्यच असतं. त्यामुळे मेघाताईंना सिगरेट सुटली असं सांगायला हरकत नसावी, कारण त्यांनी दिवसाला किती असं विचारलं होतं.

म्हणजे आता माझ्याकडे कांडी आहे, क्वार्टर आहे आणि पिताना सिगरेट. सप्टेंबरमध्ये सोडायला बसलो तेव्हा दोनच होत्या. हे कसं झालं? मी मागची पानं उलटून पाहिली. प्रत्येक पान वाचलं तर बरोबर वाटतं. सगळी मिळून वाचली तर काय झालं तेच समजत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मेघाताईंकडे गेलो. म्हणाल्या, छान, चौदावरून शून्य. मग विचारलं, "दुसरं काही सुरू केलं का? तंबाखूचा खर्रा, वेप?"

मी नाही म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्या म्हणाल्या, "विचारते कारण बरेच जण तसं करतात. वेपमध्येही निकोटिनच असतं, बहुतेक वेळा भरपूर. आणि जे सिगरेट आणि वेप दोन्ही ओढतात ते दारूही जास्त घेताना दिसतात. कोण कोणाला ओढतं हे मला नक्की सांगता येणार नाही. पण येतात बहुतेक सोबत."

मी म्हटलं, "माझं तसं नाही."

"तुमचा हात थरथरतोय."

"गाडी चालवून आलो न ताई. थंडी आहे."

बाहेर निघालो, तर त्यांचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. त्यांनाच नक्की माहीत नाही, तर मला काय कळणार? उगाच सगळ्यांना एका तराजूत तोलतात. घरी येताना मोहाडीच्या बाजूनं फेरा घेतला. तिकडचं दारूचं दुकान लवकर उघडतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फार वाईट झालं.

गेटवर रोज सकाळी दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकावं लागतं. मी फुंकलं, शून्य आलं, पुढे गेलो. मागून गार्डचा आवाज आला, "पुन्हा फुंक." वळून पाहिलं तर जागेश्वर. त्यानं पुन्हा फुंकलं. मशीन वाजलं. त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास होता, तो मला पाच पावलांवरून आला. फोरमन कृष्णराव साहेब आले. जागेश्वरला बाजूला उभं केलं, नाव लिहिलं, घरी पाठवलं. पुढचं पत्र येईपर्यंत कामावर यायचं नाही.

जाताना तो माझ्याजवळून गेला. मी म्हटलं, "काहून पेला बे? दोन वरसं झाली होती न?"

तो थांबला. माझ्या खिशाकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. मग सायकल स्टँडकडे गेला.

खाली आज दुसऱ्याच माणसानं घंटी वाजवली. त्याची घंटी तुटक आहे. दिवसभर मला वाटत होतं, कोणी अनोळखी माणूस दार ठोठावतो आहे.

जागेश्वरला काय झालं असेल? घरी भांडण? एवढ्या दिवसांनी माणूस एकदम कशाला पिईल?

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी पंचफुला आली. रक्षा अंगणात धान वाळत घालत होती. मी ओसरीत. पंचफुला बसली नाही. तिनं पदरातून टरबुजाची कांडी काढली आणि डाव्या हातानं माझ्यासमोर ठेवली. उजवं मनगट तिचं अजून वळत नाही.

"भाऊ, हे तुमचं आहे न?"

"हो. पन ते दारू नाही पंचफुलाबाई. त्याच्यात तंबाखू बी नाही."

"मले त्याच्यात काय आहे ते नाही समजत. मले इतलंच समजते का दोन वरसं माह्या घरून कोनी संध्याकाळी दार लोटून गेला नाही. मंडईपासून हे सुरू झालं. पयले अंगनात ओढे. मंग म्हने, नुसतं ओढून जमत नाही, याच्यासंग काहीतरी पाहिजे. मंग बिडी आली. मंग मोहाची."

"मी त्याले दारू पी म्हनलो नाही."

"तुमी म्हनले नाही," ती म्हणाली. "तुमी हातात देल्लं."

रक्षा सूप हातात घेऊन उभी होती. तिनं कांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंचफुला गेली. जाताना तिनं रक्षाला म्हटलं, "बाई, चहा नको करू, मी जातो."

मी ओसरीतच बसून राहिलो. मी जागेश्वरला मदत करायला गेलो होतो. ज्यानं माझी सिगरेट सुटली ते त्याला दिलं. त्यात माझी चूक कोणती? आणि चूक नसेल, तर तिच्या शेवटच्या वाक्यावर मी काहीच काहून बोलू शकलो नाही?

१ डिसेंबर, सोमवार

रक्षा काल रात्रीपासून बोलत नव्हती. आज डबा देताना बोलली.

"त्या साबनाचं मले पयल्या दिवशीच समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सिगरेट सोडली म्हनून इतके खुश होते. मोनाले फोन करून सांगितलं. मी काय बोलू? मी म्हनलं, चाललं तर चालू दे. मंग बाटल्या दिसल्या. गोठ्यामांगं, कुटाराच्या ढिगाखाली. तुमाले वाटलं मी गोठ्यात जात नाही? शेन कोन काढते?"

मी म्हटलं, "चौदा सिगरेटी सोडल्या मी."

ती म्हणाली, "हो. अना तुमी किती राहिले?"

याचा अर्थ मला लागला नाही. रस्ताभर विचार केला. मी किती राहिलो म्हणजे काय?

९ डिसेंबर, मंगळवार

हे लिहावं की नाही, कळत नाही. डायरीत खरं लिहायचं असं ठरलं होतं.

पाळी सुटायची वेळ. खालून तीन घंट्या. आत बारा माणसं. मी केज वर घेत होतो. काटा बघत होतो, शपथ, बघत होतो. पण अर्ध्या रस्त्यात मला कांडीची आठवण झाली. खिशात आहे की डब्याच्या पिशवीत राहिली, एवढंच मनात आलं. माझा एक हात खिशाकडे गेला.

केज थांबायच्या जागेपेक्षा हातभर वर गेली. मग मी ब्रेक मारला. दोरी थरथरली, ती थरथर माझ्या खुर्चीत आली. बाहेर कोणीतरी ओरडलं. मी केज हळूच खाली घेतली आणि जागेवर लावली. बारा जण बाहेर आले. एक गुडघा चोळत होता. एकानं माझ्या खिडकीकडे पाहून हात केला, म्हणजे ठीक आहे, चालतं. ते हसत गेले.

कोणी तक्रार केली नाही. कृष्णराव साहेबांनी विचारलं, "ब्रेक बरोबर आहे का रे?" मी म्हटलं, "बघून घेतो."

ब्रेक बरोबर होता.

घरी आलो. क्वार्टर घेतली. कांडी ओढली, सिगरेटी ओढल्या, किती ते मोजलं नाही. या तिघींपैकी माझा हात खिशाकडे कोणी नेला, तेच शोधत बसलो. सिगरेटनं म्हणावं, तर दिवसभर ओढली नव्हती. दारूनं म्हणावं, तर सकाळी शून्य आलं होतं. कांडीनं म्हणावं, तर ती नुसती वाफ.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी गेटवर फुंकलं. मनात म्हणत होतो, वाज. काल सात वाजताच थांबलो होतो, जेवण केलं होतं, झोपलो होतो. तरी वाज.

शून्य आलं. गार्ड म्हणाला, "चला टेकचंदभाऊ."

मी इंजिनाच्या खोलीपर्यंत गेलो. हात बघितला. थरथरत होता, थोडाच. आधीही असा थरथरत असेल, मी पाहिलं नसेल. बाहेर पहिल्या पाळीचे लोक रांगेत उभे होते, कोणी डोक्यावरचा दिवा लावून बघत होतं. मला रांगेतले सगळे ओळखू येतात. पंधरा-सोळा जणांच्या तर मी लग्नात जेवलो आहे.

कृष्णराव साहेबांकडे गेलो. "साहेब, आज मी केज नाही चालवत."

"काहून? तब्येत?"

"काल ब्रेक बिघडला नव्हता."

साहेबांनी गेटच्या मशीनची वही मागवली. "शून्य आहे तुझं."

"शून्य आहे साहेब. पन मी नाही."

खिशातून कांडी काढून टेबलावर ठेवली. साहेबांना ती काय आहे तेच माहीत नव्हतं. त्यांनी उचलून वास घेतला आणि म्हणाले, "हे मोनाचं आहे काय?" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मग सगळं सांगितलं. जागेश्वरला मी दिलं, तेही सांगितलं. सांगताना मला पहिल्यांदा आठवलं, की मंडईत त्यानं "नको गा" म्हटलं होतं. ते मी या डायरीत लिहिलंही आहे. लिहिताना ऐकलं नव्हतं.

केज आज दुसऱ्या चालकानं चालवली. लोक दहा मिनिटं उशिरा उतरले. रांगेत कुरकुर झाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

साहेबांनी मला तीन महिने केजवरून काढलं. नोकरी राहिली. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पुन्हा इंजिनाच्या खोलीत जायचं नाही. तोवर लॅम्प रूममध्ये. खाली जाणाऱ्यांना डोक्याचे दिवे द्यायचे, परत आले की चार्जिंगला लावायचे. कृष्णराव साहेब रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाले, "मंगळवारीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मेघाताईंकडे रक्षाही आली. मी सगळं सांगितलं, रविवारच्या क्वार्टरपासून. विचारलं, "आधी कोणती सोडू? एक सोडली की दुसरी वाढते."

त्या म्हणाल्या, "मग तिन्हींबद्दल एकत्रच बोलू." आणि दारूसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी लिहिली. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर त्रास होऊ शकतो, गोळ्या लागतील म्हणाल्या. निकोटिनचे च्युइंगम दिले. मी म्हटलं, हेही निकोटिनच न? त्या म्हणाल्या, हो, पण हे मोजून कमी करता येतं आणि मला दाखवून करायचं. फरक मला पूर्ण समजला नाही. रक्षाला समजला असावा, तिनं मान हलवली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

घाम. झोप नाही. च्युइंगमची चव रबरासारखी. काल चुकलो. एक सिगरेट, पानठेल्यावर, अर्धी टाकली. रक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "अर्धीच काहून टाकली?" चिडून म्हणाली की कौतुकानं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी जागेश्वरच्या घरी गेलो. पंचफुलानं दार उघडलं. तो आत होता, मला आवाज आला. ती म्हणाली, "भाऊ, आत्ता नको." दार लावलं, पण हळू लावलं.

२८ डिसेंबर, रविवार

मोना आली आहे. तिनं डायरी मागितली, मी दिली नाही. तिनं विचारलं, "बाबा, मंग तुमचं नक्की काय सुटलं?" मी म्हटलं, "अजून काही नाही सुटलं. धरलेलं दिसून राहिलं फक्त."

ती म्हणाली हे बरोबर आहे. तिच्या अभ्यासात असेल.

५ जानेवारी २०२६, सोमवार

आज जागेश्वर कामावर परत आला. महिनाभराच्या वर बाहेर होता. साहेबांनी त्यालाही डॉक्टरांकडे पाठवलं होतं, ते मला नंतर कळलं.

लॅम्प रूमच्या खिडकीशी त्यानं टोकन ठेवलं. वर पाहिलं नाही. मी सत्तेचाळीस नंबरचा दिवा दिला.

"बॅटरी फुल आहे," मी म्हटलं.

त्यानं दिवा टोपीला अडकवला आणि गेला. जरा वेळानं केजकडून तीन घंट्या झाल्या. सतरा वर्षांत मी त्या नेहमी खुर्चीत बसून ऐकल्या. आज बाहेरून ऐकल्या आणि माझे हात काय करावं म्हणून टेबलावर फिरत राहिले.

पाळी सुटल्यावर लोक दिवे ठेवून गेले. सगळे आले, सत्तेचाळीस नाही. मी खिडकीतून दोनदा डोकावलो. मग तो आला. दिवा ठेवला, पण हात काढला नाही.

"मेघाताई कोन्या दिवशी बसते?"

"मंगळवारी अना शुक्रवारी."

"तू जाते?"

"जातो."

"किती दिवस झाले तुले?"

"सव्वीस. मधात एक डाव चुकलो."

"मी दोन डाव चुकलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "मंडईत मी नको म्हनलो होतो."

"हो. म्हनला होता."

"तू आयकलं नाही."

"नाही आयकलं."

मला वाटलं आता तो अजून काही बोलेल, शिवी देईल, निदान आवाज चढवेल. त्यानं दिव्यावरचा हात काढला.

"शुक्रवारी माह्या घरून जाऊ. पंचफुला बी येनार आहे, दोन गाड्या काढा लागतीन. रक्षाबाईले सांग."

तो गेला. हे माफ करणं होतं का, मला सांगता येत नाही. मी सत्तेचाळीस नंबर चार्जिंगला लावला, खिडकी बंद केली आणि रक्षाला फोन केला.